चेन पुसायची, पण इंजिन बंद करून

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच ठेवलं आहे.)

 

हप्त्यांचं आणि कर्जाचं बोलून झालं. मला मोटारसायकलच्या चेनबद्दल बोलायचंय. हसताय ना, हसा. पण आधी हात वर करा बरं, कुणाकुणाच्या घरी मोटारसायकल आहे? बघा, निम्म्याहून जास्त. त्यातल्या कितीतरी गाड्या आपल्याच गटाच्या कर्जातून आल्यात. हप्ता आपण भरतो, मग गाडीची चेन ही काय फक्त पुरुषांची गोष्ट झाली का?

दसरा तोंडावर आलाय. खंडेनवमीला घरोघरी गाड्या धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. आपल्याकडं अकोल्याच्या पश्चिमेला चार महिने पाऊस, आवणीचा चिखल, त्यातून दुधाचे कॅन घेऊन रोज डेअरीची खेप. चेन पार चिखलानं भरलेली असते. म्हणून पोरं याच दिवसांत चेन साफ करायला बसतात. माझा धाकटापण असाच बसला होता, तीन वर्षांपूर्वी.

मी ओट्यावर भांडी घासत होते. तो म्हणाला, "आई, एखादी चिंधी दे गं." मी माझ्याच जुन्या साडीचा तुकडा फाडून दिला. त्यानं गाडी मेन स्टँडवर लावली, चालू केली, पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनवर चिंधी धरली. अशी चेन लवकर पुसली जाते, हात फिरवावा लागत नाही. कितीतरी जण असंच करतात, त्यानंही कुणाचं तरी बघितलं होतं. चिंधीचा एक धागा चेनमध्ये अडकला. चेननं चिंधी ओढली आणि चिंधीबरोबर हात. उजव्या हाताची दोन बोटं चेन आणि मागच्या दातेरी चक्राच्या मधे गेली. मला ओरडणं ऐकू आलं तोवर सगळं झालं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "तुटलेला भाग आणलाय का?" आम्ही आणला नव्हता. आम्हाला सुचलंच नाही. दोन्ही बोटांची पेरं गेली. पोरगा आता कामधंदा सगळं करतो, पण म्हशीची धार काढताना अजून डाव्या हातावरच जोर देतो. मी रोज बघते.

चिंधी मीच दिली होती. तेव्हा मला एवढंच ठाऊक असतं की इंजिन चालू असताना चेनला चिंधी लावायची नाही, तर मी ओट्यावरूनच ओरडले असते. म्हणून आज तुम्हाला सांगते.

आता चेन साफ कशी करायची ते ऐका. मी एका मेकॅनिक भावाकडून शिकले आणि घरची गाडी आता मीच करते. गाडी सपाट जागेवर, मेन स्टँडवर. डुगडुगत असेल तर पुढच्या चाकाला वीट लावा. गाडी बंद, न्यूट्रल, आणि किल्ली काढून कमरेला खोचा. किल्ली गाडीला ठेवायची नाही, कारण घरातली लहान पोरं बटण दाबून बघतात. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा, बांगड्या मागं सारा. गाडी आत्ताच फिरून आली असेल तर थोडी थंड होऊ द्या.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना चेनवर पूर्ण कव्हर असतं. ते पान्यानं खोलावं लागतं. मग एका भांड्यात थोडं रॉकेल किंवा डिझेल घ्यायचं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं चेन घासायची. तारेचा ब्रश नको. पेट्रोल तर अजिबात नको, भडका उडतो. आणि डिझेल असलं तरी हे काम चुलीपासून लांब. भारी गाड्यांच्या चेनमध्ये बारीक रबरी रिंगा असतात, त्यांच्यासाठी गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा.

एका हातानं टायर धरून चाक उलट्या बाजूला, मागं फिरवायचं. असं का? तर चाक मागं फिरवलं की खालची चेन मागच्या चक्रापासून लांब जाते. पुढं फिरवलं तर ती चक्रात शिरते आणि बोटालाही घेऊन जाते. हातानं फिरवलेल्या चाकातही बोट चेंगरतं बरं का. म्हणून चाक थांबवा, खालच्या चेनचा मधला वीतभर तुकडा पुसा, हात काढा, मग पुन्हा फिरवा. अर्धा तास लागतो. लागू द्या.

पुसून कोरडी झाली की तेल. आपल्याकडं इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल ओतायची सवय आहे, फुकट मिळतं ना! पण त्यात आधीच घाण असते. वरून धूळ चिकटली की जात्यात खडा पडावा तशी चेन आतून घासत राहते. नव्वद नंबरचं गिअर ऑइल आणा, नाहीतर चेनचा स्प्रे. खालच्या चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडा, चाक फिरलं की ते आपोआप बाहेर पसरतं. जास्तीचं पुसून टाका. टायरला आणि ब्रेकला तेल लागता कामा नये.

चेन किती ढिली ठेवायची? खालच्या बाजूला मधोमध बोटानं वरखाली केली तर साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कुठं ताठ तर कुठं ढिली असते. काहींना वाटतं, घट्ट म्हणजे चांगली. तसं नाही. दोन माणसं आणि दुधाचे कॅन बसले की गाडी खाली दबते आणि चेन आणखी ताणली जाते. फार ढिली असली तर उतरते, आणि चालत्या गाडीत उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. आपल्या घाटातल्या उतारावर काय होईल, सांगायला नको. ताणायचं काम मी अजून स्वतः करत नाही, मेकॅनिककडून करून घेते. चक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर चेन आणि दोन्ही चक्रं एकदमच बदला, नुसती चेन बदलली की पैसे वाया.

अजून एक, हे खास आपलं आहे. बहुतेक गाड्यांची चेन डाव्या बाजूला असते. आणि आपण एका बाजूला पाय सोडून बसतो ते कुठं? डावीकडंच. म्हणजे आपला पदर नि पाय चेनच्या आणि चाकाच्या शेजारी. म्हणून तिथं ती जाळी असते, साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमात लिहिलंय की मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं साधन कंपनीनं गाडीला दिलंच पाहिजे. कंपनी देते, आपली पोरं शोभेसाठी काढून टाकतात! ते घरात कुठं पडलंय बघा आणि परत लावायला सांगा. साफसफाईसाठी चेनचं कव्हर काढलं असेल तर तेही त्याच दिवशी परत. स्कुटीला बाहेर चेन नसते, आत पट्टा असतो, पण मागं बसताना पदर आवरून बसणं तिथंही आलंच.

देव न करो, पण कुणाचं बोट गेलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि १०८ ला फोन लावा. हळद, माती, रॉकेल काही लावायचं नाही. तुटलेला भाग शोधा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फाला तो भाग थेट टेकवायचा नाही. आणि तो पेशंटबरोबरच न्या. आमचा तुकडा चेनच्या कव्हरमध्ये राहिला होता, दुसऱ्या दिवशी सापडला.

घटस्थापनेनंतरच्या रविवारी मी आमच्या वस्तीवरच्या समाजमंदिरापुढं गाडी उभी करून हे सगळं हातानं करून दाखवणार आहे. सकाळी दहाला. पोरांनाही घेऊन या, विशेषतः ज्यांना सगळं येतं त्यांना. दहा नंबरचा पाना आणि ऑइल माझ्याकडं आहे. चिंध्या आणि जुने ब्रश आपापले आणा.