दुसऱ्या जागेवरचा खलाशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी साहित्य, संगीत वा नाट्य यांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या विषयांवर माझ्याहून अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी समोरच बसली आहेत. मी केंद्र सरकारच्या सेवेतला एक साधा अधिकारी. बदल्यांच्या ओघात या हैदराबाद नगरीत आलो आणि इथलाच झालो. "तुमच्या त्या रविवारच्या होड्यांविषयी चार शब्द सांगा," अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

हुसेनसागर आपण सर्वजण नित्य पाहतो. इब्राहिम कुली कुत्बशहाच्या कारकिर्दीत, १५६२-६३ च्या सुमारास बांधलेला हा तलाव. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी टँक बंडवरून तिथे शिडांचा थवा दिसतो. सैन्यातले लोक किंवा श्रीमंतांची मुले हौस भागवीत असतील, असे पुष्कळांना वाटते. त्या थव्यात आपल्या मंडळाचा एक सभासदही असतो, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. तो सुकाणूवर मात्र नसतो. तो दुसऱ्या जागेवर असतो.

आमची होडी 'एंटरप्राइझ' जातीची. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ मध्ये ती निर्माण केली. लांबी चार मीटरांहून किंचित अधिक, वजन शंभर किलोंच्या आत, आणि शिडे परंपरेने निळी. एक मोठे शीड, एक पुढचे लहान, आणि माणसे दोन. एकाच्या हाती सुकाणू आणि मोठ्या शिडाची दोरी असते. त्याला आपल्या कोकणच्या भाषेत तांडेल म्हणू. दुसरा तो खलाशी, म्हणजे मी.

खलाशाचे काम काय? पहिले काम म्हणजे वजन होणे! वारा शिडावर रेटू लागला की होडी एका अंगाला कलते. मग पायांचे पंजे तळाजवळच्या पट्ट्यात अडकवून, काठावर बसून, पाठ पाण्यावर झोकून द्यायची. सरकारी खुर्चीवर तीस वर्षांत कमावलेले वजन येथे प्रथमच उपयोगी पडले, असे सौभाग्यवती म्हणतात. दुसरे काम पुढचे शीड सांभाळण्याचे. त्याची कड फडफडू लागली तर दोरी ओढायची, वारा मागे सरला तर सैल सोडायची. तिसरे काम तळाच्या फळीचे. वाऱ्याकडे जाताना ती पूर्ण खाली लागते, नाहीतर होडी आडवी वाहवते. वारा पाठीशी आला की वर उचलायची. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे काम डोळ्यांचे. पाण्यावर काळसर सुरकुत्या धावत आल्या की झोत येतो आहे असे समजायचे आणि तांडेलाला आधी सांगायचे. तलावाभोवती आता उंच इमारती झाल्या आहेत. त्यांना वळसे घालून येणारा वारा घटकेघटकेला दिशा बदलतो.

आमची तांडेल वीस वर्षांची एक तेलुगू विद्यार्थिनी आहे. धक्क्यावर ती मला "अंकल" म्हणते, होडीत "क्रू" म्हणते. कार्यालयात माझ्या टेबलावरून पन्नास कागद सहीसाठी जातात. तेथे माझे काम तिच्या हुकुमाची तामिली. "वळायचे का?" हे मी सुचवू शकतो, "वळ" हे तिनेच म्हणायचे. दोघांनी निर्णय घेऊ लागले तर चार मीटरांची होडी मधोमध उभी राहते. हा धडा मला कोणत्याही प्रशिक्षण संस्थेने इतका नीट शिकविला नव्हता.

शर्यतीचा आरंभ मोठा मौजेचा असतो. पाच मिनिटे आधी एक निशाण चढते, चार मिनिटे आधी दुसरे. एक मिनिट उरले की दुसरे उतरते, आणि मग सुटण्याची खूण. होडीला ब्रेक नसल्यामुळे ही पाच मिनिटे रेषेच्या मागे घिरट्या घालीत काढायची आणि नेमक्या क्षणी वेगात रेषेवर यायचे. पुढे वाऱ्याच्या तोंडावर थेट जाता येत नाही. सुमारे पंचेचाळीस अंशांनी एकदा इकडे, एकदा तिकडे, असे नागमोडी जावे लागते. समोरासमोर आलेल्या दोन होड्यांपैकी जिच्या उजव्या अंगावर वारा, तिचा मान पहिला. दुसरीने वाट द्यायची.

आता मुख्य गोष्ट. शर्यतीत प्रत्येक होडीमागे धावणारा पंच नसतो. नियम खेळाडूंनीच पाळायचे, आणि मोडला तर आपणच दंड घ्यायचा, हे या खेळाचे मूळ सूत्र आहे. वळणाच्या बोयाला होडी लागली, तर इतरांपासून दूर होऊन पूर्ण एक गिरकी घ्यावी लागते.

गेल्या पावसाळ्यातील एका शर्यतीत आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. तीन वर्षांत एवढ्या पुढे कधी आलो नव्हतो. शेवटच्या बोयाला वळसा घालताना मोठ्या शिडाची आडवी काठी फिरली आणि तिचे टोक बोयाला निसटते लागले. आवाजसुद्धा झाला नाही. जवळची होडी साठ-सत्तर हात मागे होती, पंचांची नाव पलीकडच्या टोकाला. मी मान वळवून पाहिले. ती एक क्षण काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "लागला. गिरकी." दोऱ्या सोडल्या, ओढल्या, होडी स्वतःभोवती फिरली, तेवढ्यात तीन होड्या शेजारून निघून गेल्या. आम्ही पाचवे आलो. धक्क्यावर कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. होडी धुऊन शिडे घडी करीत असताना तिने एवढेच विचारले, "अंकल, पुढच्या रविवारी येणार ना?"

बंधुभगिनींनो, माझे सारे आयुष्य तपासणी, लेखापरीक्षण आणि दक्षता या शब्दांच्या सहवासात गेले. हे शब्द आवश्यकच आहेत. कोणी पाहणार आहे या जाणिवेने पुष्कळ कामे सरळ होतात. पण कोणी पाहत नसताना, हाती आलेला क्रमांक सोडून एका मुलीने घेतलेली ती गिरकी पाहिल्यापासून कागदावर सही करताना माझा हात क्षणभर थांबतो. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना हे शिकायला मिळाले, याला मी भाग्य समजतो.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत झाल्या, पण शिडाच्या शर्यती आपल्या मुंबईच्या समुद्रावर झाल्या. 'फायरबॉल' या दोघांच्या होडीत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. आमच्या 'एंटरप्राइझ' वर्गात पाकिस्तानच्या बेहराम आणि गोश्पी आवारी या पतिपत्नींनी सुवर्ण जिंकले. सुकाणू कोणाच्या हाती होते हे पाहून पदक लहानमोठे होत नाही. एक होडी, तर दोन पदके, दोन्ही सारखीच.

या स्मरणिकेत पन्नास वर्षांच्या अध्यक्षांची आणि कार्यवाहांची नावे छापली जातील. ती छापलीच पाहिजेत. परंतु गणेशोत्सवात सतरंज्या घालणारे, कोजागरीचे दूध आटविणाऱ्या भगिनी, बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिल्या रात्री जेवू घालणारी घरे, यांची यादी कोणत्या पानावर मावेल? मंडळाची होडी कलली तेव्हा काठावर पाठ झोकून देणारे हेच होते. आता त्यांची वये झाली. त्यांच्या जागा रिकाम्या राहता कामा नयेत, एवढीच माझी तरुणांना विनंती आहे. सुकाणू यथावकाश हाती येईलच. आधी दुसऱ्या जागेवर बसा.

आणि ज्यांना हे अक्षरशः करून पाहायचे असेल त्यांनी येत्या पावसाळ्यात एखाद्या रविवारी माझ्याबरोबर यावे. पोहता येत असावे, लाइफ जॅकेट क्लब देतो, कोरड्या कपड्यांचा एक जोड मात्र अवश्य आणावा.