तोंडात तंबाखू, हातात शिट्टी
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

 

दरवर्षी या व्यासपीठावर डॉक्टर, प्राध्यापक बोलतात. मी डिप्लोमाधारक रेल्वे इंजिनीयर. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यापलीकडे मला फारसे कळत नाही. पण कार्यवाहांनी 'व्यसनमुक्ती' असा विषय सुचवला, तेव्हा मी म्हटले की बोलतो, पण कर्करोगावर बोलणार नाही. पुडीवरचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते. तंबाखूने वीस वर्षांनी काय होते यापेक्षा कामावर आज सकाळी अकरा वाजता काय होते, यावर बोलतो.

आधी एक कबुली. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडल्यावर आणि रेल्वेत लागण्यापूर्वी मी दोन वर्षे एका खासगी कंत्राटदाराकडे होतो. कारखान्याच्या साइडिंगचे रूळ टाकण्याचे काम होते. वय बावीस, अंगात मस्ती. मी स्वतः चोरून सिगारेट ओढायचो, पण मजुरांनी कामावर तंबाखू मळलेली मला खपत नसे. एके दिवशी सकाळी सात वाजता मी सगळ्यांचे खिसे रिकामे करवले, पुड्या आणि चुन्याच्या डब्या गोणीत भरल्या आणि गोणी जीपमध्ये टाकली. आपण फार मोठे काम केले असे मला वाटले.

टोळीत पन्नाशीचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. साडेनऊच्या सुमारास ते माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, एक चिमूट द्या, मग दिवसभर मागणार नाही." मी हसून वाटेला लावले. त्यानंतर ते दोनदा कोणावर तरी विनाकारण खेकसले. अकरा वाजता रूळ उचलायचा होता. 60 किलोचा रूळ म्हणजे एका मीटरचे वजन 60 किलो. तेरा मीटरचा तुकडा 780 किलोंचा होतो. चिमट्यांनी धरून, मुकादमाच्या हाकेवर सगळ्यांनी एकदम उचलायचा आणि एकदम ठेवायचा. 'ठेवा' म्हटल्यावर मामांचा हात निघायला क्षणभर उशीर झाला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट गेले.

पुड्या काढून घेतल्या म्हणूनच हात सापडला, असे मी शपथेवर सांगणार नाही. चिमटा जुना होता, ऊन होते, हातमोजे नव्हते. पण अपघाताच्या अहवालात 'कारण' या रकान्यात मी माझ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, 'निष्काळजीपणा'. मामांचा. तो कागद आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो.

त्या दोन तासांत मामांच्या शरीरात काय चालले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचून समजले. निकोटिन रक्तातून भराभर उतरते. साधारण दोन तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. सवयीच्या माणसाला मग ओढ लागते. चिडचिड होते, हातातल्या कामावरून लक्ष उडते, अस्वस्थ वाटते. तंबाखूला चुना लावतात तो उगीच नव्हे. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात जाते. चिमूट ठेवली की माणूस 'ताळ्यावर' येतो आणि त्याला वाटते की तंबाखूने डोके चालते. खरे म्हणजे तंबाखूने जे बिघडवले, तेच ती तात्पुरते दुरुस्त करते. आमच्याकडे गळक्या पाइपला चिंधी बांधतात, तसा हा प्रकार.

सिगारेट आणि अपघात यांवर परदेशात अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतील बोस्टन शहरात टपाल खात्यात नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यात न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांचे अपघात सुमारे 29 टक्के आणि दुखापती सुमारे 40 टक्के जास्त आढळल्या. याचा अर्थ प्रत्येक अपघात सिगारेटनेच केला असा नाही. रात्रपाळी करणारा, झोप कमी मिळणारा माणूस ओढतोही जास्त आणि चुकतोही जास्त. माझ्या माणसांतले निम्मे तरी सांगतात की पहिली चिमूट झोप उडवण्यासाठी घेतली होती.

पण आपल्या लोकांचा प्रश्न मुख्यतः सिगारेटचा नाही. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे त्यात फक्त 3.8 टक्के आणि तोंडात ठेवणारे 24.4 टक्के. (काहीजण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही.) देशभरातील पुरुषांत तर शंभरात 42 जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. गुटख्यावर महाराष्ट्राने 2012 मध्ये आणि कर्नाटकाने 2013 मध्ये बंदी घातली, तर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत येऊ लागली. गिऱ्हाईक दोन्ही तोंडात एकत्र करते. आपल्यापैकी जे निपाणीकडचे आहेत, त्यांना तंबाखूला नुसती नावे ठेवलेली आवडणार नाहीत. त्या पिकाने तिथली घरे उभी केली आणि 1981 च्या आंदोलनात त्याच पिकाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. पिकवणाऱ्याशी माझे भांडण नाही.

आता मळण्याची क्रिया पाहा. डाव्या तळहातावर तंबाखू, डबीतून नखाने चुना, अंगठ्याने मळणे, मग थाप मारणे, फुंकणे आणि ओठाखाली ठेवणे. मी घड्याळ लावून पाहिले आहे, सव्वा ते दीड मिनिट जाते. तेवढा वेळ दोन्ही हात अडकलेले, हातमोजे काढलेले आणि डोळे तळहातावर. ताशी 110 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 30 मीटर अंतर कापते. दीड मिनिटात ती अडीच किलोमीटरहून पुढे येते. दुहेरी मार्गावर आमच्या लाइनवर ब्लॉक असला, तरी शेजारच्या लाइनवर गाड्या धावतच असतात. त्यासाठी आम्ही लुकआउटमन उभा करतो, लाल झेंडा आणि शिट्टी देऊन.

एकदा मी सहज अशा एका माणसाला म्हटले, "वाजव बघू." त्याने आधी बाजूला वळून थुंकले, जिभेने ओठाखालचे साफ केले आणि मग शिट्टी तोंडाला लावली. चार-पाच सेकंद गेले. म्हणजे गाडी दीडशे मीटर जवळ आली! तोंडात तंबाखू असली की शिट्टी वाजत नाही आणि ओरडताही येत नाही. आमच्या सुरक्षेच्या पुस्तकांतून मी कितीतरी गोष्टी पाठ केल्या, पण हे कोणी मला सांगितले नव्हते.

तेव्हापासून माझ्या टोळ्यांमध्ये एक घरगुती पद्धत आहे. ब्लॉक मिळण्यापूर्वी दहा मिनिटे सुट्टी. ज्याला घ्यायची त्याने लांब जाऊन घ्यावी, मग चूळ भरून, हात धुऊन यावे. लुकआउटमनने सर्वांसमोर शिट्टी वाजवून दाखवायची. लांब ब्लॉक असेल तर मध्ये पुन्हा सुट्टी, तीही काम पूर्ण थांबवून. बडीशेप आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा माझ्या खर्चाने. काहीजण म्हणतात, तू तंबाखूला मान्यता देतोस. आक्षेपात तथ्य आहे आणि त्यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. पण एकदा गोणी भरून पाहिलेली आहे.

नुसत्या सुट्टीने सवय जात नाही, हेही खरे. मुंबई परिसरातील 20 कारखान्यांत हीलिस सेखसरिया संस्था आणि अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. निम्म्या कारखान्यांत तंबाखू सोडण्याची मदत आणि कामाच्या जागेची सुरक्षितता असे दोन्ही विषय एकत्र घेतले. तिथे तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले. मला हे पटते. ज्याला धूळ, आवाज आणि धोका यांत उभे केले आहे, त्याला 'तब्येत सांभाळ' म्हणणारा साहेब खोटा वाटतो. आधी बूट आणि हातमोजे द्या, मग बोला.

मी स्वतः तिसऱ्या प्रयत्नात सिगारेट सोडली. पहिले दोन प्रयत्न नुसत्या जिद्दीवर केले, दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी हरलो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात, त्रास तीन-चार आठवडे राहू शकतो. हे आधी कळले असते, तर त्या आठवड्यात रजा टाकली असती आणि बायकोवर ओरडलो नसतो. तिसऱ्या वेळी निकोटिनचा च्युइंगम घेतला. तो साध्या गमसारखा चघळायचा नसतो, थोडा चावून गालात ठेवायचा. आपल्या बेंगळुरूत होसूर रस्त्यावर निम्हान्स आहे, तिथे व्यसनमुक्तीचे उपचार होतात. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन फुकट लागतो. माझ्या टोळीतल्या चौघांना मी निम्हान्समध्ये पाठवले. दोघांनी सोडली, एकाने अर्धी केली आणि एक मला टाळतो.

गेल्या मे महिन्यात गावाकडे गेलो तेव्हा मामांना भेटलो. ऐंशीच्या घरात आहेत. राग नाही, चहा पाजला. अंगठा नसल्यामुळे तंबाखू मळता येत नाही, म्हणून दहा वर्षांच्या पणतूला हाक मारली. पोराने सराईतपणे चुना लावला, मळली, थाप मारली आणि आजोबांच्या तळहातावर ठेवली. मग त्याने स्वतःचा अंगठा चड्डीला पुसला. मी बोलायला तोंड उघडले आणि काही न बोलता मिटले.

आपले किती अडकले आहे हे पाहण्यासाठी फॅगरस्ट्रॉम नावाची सहा प्रश्नांची चाचणी आहे. त्यातला महत्त्वाचा प्रश्न असा की सकाळी उठल्यापासून किती मिनिटांत पहिली घेता? पाच मिनिटांच्या आत असेल, तर सवय खोल आहे. तिचे मराठी आणि कन्नड भाषांतर करून झेरॉक्स प्रती प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. नाव लिहायचे नाही. आरतीनंतर मी तिथेच आहे.