ताप, जनुके आणि निदानाचा खर्च
(वार्षिक सभेत केलेले निवेदन)



जमाखर्च मांडण्यापूर्वी जनुकीय तपासणी या बाबीविषयी आम्ही थोडे निवेदन करू इच्छितो. ‘तापासाठी एवढी महाग तपासणी कशाला?’ हा देणगीदारांचा प्रश्न रास्त आहे.

काही बालकांना वारंवार ताप येतो. पोट, छाती वा सांधे दुखतात आणि काही दिवसांत सारे आपोआप निवळते. रक्तात दाह दिसतो; जंतू मात्र सापडत नाहीत. प्रतिजैविके देऊनही उपयोग होत नाही. शरीराची जन्मजात संरक्षणयंत्रणाच अकारण चेतविणाऱ्या अशा विकारांना १९९९ पासून ‘स्वयंदाहक विकार’ ही संज्ञा रूढ झाली.

नेमके नाव कळले की उपचार बदलतो. ‘फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर’चे एमईएफव्ही हे जनुक १९९७ साली सापडले. त्यावर कोल्चिसीन हे गाउटचे जुने औषध १९७२ पासून ज्ञात आहे. ते नियमित न घेतल्यास मूत्रपिंडांत अमायलॉइड साचून ती निकामी होऊ शकतात. एनएलआरपी३ जनुकाच्या विकारांत इंटरल्यूकिन-१ रोखणारी औषधे लागतात. २०१४ साली उलगडलेल्या एडीए२ जनुकाच्या विकारात तर बालवयातच पक्षाघात होऊ शकतो. भारतात तो अगरवाल समाजातील अनेक रुग्णांत आढळला आहे.

तथापि केवळ जनुकाचा अहवाल म्हणजे निदान नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेले युरोफीव्हर व प्रिंटो यांचे वर्गीकरण-निकष जनुकीय पुरावा आणि लक्षणे यांचा एकत्र विचार करतात. ते मुख्यतः संशोधनासाठी आहेत. रुग्णाचे निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. जनुकातील बदलांचेही रोगकारक, संभाव्य रोगकारक, अनिश्चित, संभाव्य निरुपद्रवी व निरुपद्रवी असे पाच वर्ग आहेत. एमईएफव्हीमधील ई१४८क्यू हा बदल आशियातील अनेक निरोगी व्यक्तींतही आढळतो. आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसांना सस्पेन्स खाते परिचित आहे. पुरावा मिळेपर्यंत रक्कम तेथेच ठेवावी लागते. अनिश्चित बदलाचेही तसेच आहे. त्यावरून आयुष्यभराचे औषध सुरू करणे वा विवाह मोडणे उचित नव्हे.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, तापाच्या तारखा, कालावधी व लक्षणे वहीत टिपावीत, पुरळ उठल्यास छायाचित्र काढावे आणि दोष मातेच्या माथी मारू नये. यांपैकी काही विकारांत माता व पिता दोघांकडूनही एकेक सदोष प्रत येते. काहींत बदल अपत्यातच नव्याने घडतो.

म्हणूनच आपल्या देणगीतील या रकमेतून केवळ तपासणी नव्हे, तर अहवाल समजावून सांगणारे समुपदेशनही घडावे, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे. अर्थ न कळलेला अहवाल म्हणजे वाया गेलेला खर्च होय.