दोन रेघा, एक रेघ
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा डॉक्टरकी सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु जे घरोघरी घडते आणि उंबऱ्याबाहेर कोणी बोलत नाही, त्याबद्दल चार शब्द बोलावेसे वाटले.

पाळी चुकली की हल्ली आशाताई ‘निश्चय’ची पट्टी देतात. दोन रेघा उठल्या म्हणजे दिवस गेले. पण कधी आज दोन रेघा दिसतात, आठ दिवसांनी एकच, आणि मग अंगावरून जाऊ लागते. लगेच कुजबुज सुरू होते, ‘हिने खोटेच सांगितले.’ माझ्या नात्यातल्या एका मुलीला हे ऐकावे लागले. दोन दिवस तिने पानाला हात लावला नाही. भगिनींनो, ती खोटे बोलली नव्हती.

गर्भ कुशीत रुजला की अंगात एक रस तयार होतो. तो लघवीत उतरतो आणि पट्टी तोच ओळखते. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी तो सुमारे दुप्पट होतो. म्हणून फार लवकर किंवा पुष्कळ पाणी पिऊन पाहिले, तर दिवस असूनही एकच रेघ येते. सकाळची पहिली लघवी घ्यावी, पाकिटावरच्या वेळेतच पट्टी वाचावी. वाळल्यावर उठलेली फिकट रेघ धरू नये. शंका राहिल्यास दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. उलट गर्भ पडला तरी तो रस काही आठवडे अंगात राहतो, म्हणून रक्त जाऊनही दोन रेघा दिसू शकतात.

कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा ते वीस टिकत नाहीत, आणि ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. निम्म्याहून अधिक वेळा बीजाची जुळणीच मुळात चुकलेली असते. ते कोणाच्या हातचे नाही. तेव्हा हंडा उचलला, म्हावऱ्याची पाटी घेतली, जंगलजेटीने आगरदांड्याला गेली, कोणाची नजर लागली, असा बोल सुनेला लावू नका.

मात्र एक गोष्ट घरात झाकून ठेवू नये. गर्भ कधी पिशवीत न बसता नळीत बसतो. तेव्हाही दोन रेघा येतात. ओटीपोटात एका बाजूला सणक, खांद्याला कळ, घेरी, किंवा तासाभरात कापड भिजेल असे रक्त गेले, तर काढा देत बसू नका. १०८ ला फोन करून श्रीवर्धनचे सरकारी रुग्णालय गाठा. ताप आला तरी डॉक्टरांना दाखवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसे सांगा, इंजेक्शन लागू शकते.

बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू देतो, शेकशेगडी करतो. जिची कूस रिकामी झाली, तिला मात्र दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसवतो. तिलाही चार दिवस विसावा द्या, ऊन पेज द्या, आणि ती रडली तर रडू द्या. एवढे या मंडळाच्या बायकांनी केले, तरी पुष्कळ झाले.