तूलूजची अफवा



प्रबोधनयुगावर बोला म्हणालात, मी एकच खटला घेऊन आलोय. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. उदाहरण असल्याशिवाय मला काही कळत नाही.

१३ ऑक्टोबर १७६१, फ्रान्समधलं तूलूज शहर. झाँ कालास कापडाचे व्यापारी, साठी ओलांडलेले, कॅथलिक राज्यातले प्रोटेस्टंट. रात्री जेवणानंतर त्यांचा थोरला मुलगा दुकानात मेलेला सापडला. त्याला वकील व्हायचं होतं, पण कॅथलिक असल्याचा दाखला मिळत नव्हता. बाहेर गर्दी जमली आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, पोरगा धर्म बदलणार होता, घरच्यांनीच मारला.

आता बघा, दुसरा एक मुलगा आधीच कॅथलिक झालेला होता, आणि जिवंत होता. घरातली मोलकरीण कॅथलिक, तीही वर्षानुवर्षं तिथेच. हे कोणी विचारात घेतलं नाही. उलट चर्चमधून आवाहन झालं की ऐकीव का होईना, माहिती असेल त्याने पुढे यावं. तिथलं न्यायालय ऐकीव गोष्टींना पाव पुरावा, अष्टमांश पुरावा मानून त्यांची बेरीज करायचं. व्होल्तेरने याची टर उडवली आहे. ही बेरीज मला ओळखीची वाटते. एक चुकीची नोंद आठ ठिकाणी कॉपी झाली की आठ नोंदी दिसतात. व्हॉट्सअपवर वेगळं काय होतं?

८ विरुद्ध ५ मतांनी मृत्युदंड झाला. १० मार्च १७६२ला कालास यांची हाडं चाकावर मोडली. शेवटपर्यंत ते निर्दोष असल्याचंच सांगत होते.

या अन्यायाविरुद्ध व्होल्तेर उभा राहिला. हे नाव आपल्यातल्या काहींना आवडणार नाही, आणि त्याला कारण आहे. प्रेषितांवरचं (स.) त्याचं नाटक १७४२ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आलं. त्यातलं चित्रण खोटं आहे आणि मला दुखावणारं आहे. ज्यूंबद्दलही त्याने वाईट लिहिलंय. ते झाकायचं नाही. पण १७६३च्या सहिष्णुतेवरच्या ग्रंथात हाच माणूस ख्रिस्ती वाचकांना सांगतो की तुर्कालाही भाऊ माना, आणि अनेक धर्मांची माणसं नांदतात म्हणून उस्मानी सुलतानाच्या राज्याचा दाखला देतो.

घरी अम्मीने विचारलं, अशा माणसाचं नाव कशाला घेतोस? मी तिला कालासची हकिगत सांगितली. ती म्हणाली, त्याच्या बायकोचं काय झालं?

बायको पॅरिसला गेली. मुलींना कॉन्व्हेंटमध्ये डांबलं होतं. वकिलांनी निवेदनं छापली, कार्मोंतेल या चित्रकाराने तुरुंगातल्या कुटुंबाचं चित्र काढलं आणि त्याच्या प्रती वर्गणीने विकल्या गेल्या. ९ मार्च १७६५ला कालास निर्दोष ठरले, मृत्यूनंतर तीन वर्षांनी. राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र दिले. प्रोटेस्टंटांचे जन्म, लग्नं, मृत्यू सरकारदप्तरी त्यांच्या म्हणून नोंदवायला मात्र १७८७ उजाडलं. आणि दोषी ठरेपर्यंत माणूस निर्दोष, हे क्रांतीच्या जाहीरनाम्यात १७८९ साली आलं. पुढे त्याच क्रांतीने ते कितीदा पायदळी तुडवलं, तो वेगळ्या भाषणाचा विषय.

अम्मीचा शेवटचा प्रश्न होता, त्या न्यायाधीशांना काय शिक्षा झाली?

काही नाही.