प्रयोगशाळा आणि माजघर



नव्या मुंबईंत वाशीस भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेची वास्तु आहे. ही संघटना १९७३ सालीं स्थापन झाली. त्या वास्तूंत नोकरी करणाऱ्या स्त्रियांचें वसतिगृह आहे, वाचनालय आहे आणि पाळणाघरही आहे. शास्त्रज्ञांच्या संघटनेनें पाळणाघर कां चालवावें, असा प्रश्न एखाद्या गृहस्थाच्या मनांत येईल. आज ज्यांचें स्मरण करावयाचें आहे, त्या कमलाबाई सोहोनी ह्यांना हा प्रश्न पडला नसता. त्या सरकारी नोकरींतील रसायनशास्त्रज्ञ होत्या, आणि संसारी गृहिणीही होत्या.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ सालीं इंदुरास झाला. विदुषी दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या वडील भगिनी. घरांत रसायनशास्त्र परकें नव्हतें. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ होते. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनीं त्याच संस्थेकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण गुणांचें नव्हतें. अर्जदार स्त्री होती, एवढेंच.

संस्थेचे संचालक त्या वेळीं सर चंद्रशेखर वेंकट रामन् होते. त्यांची थोरवी मला संपूर्ण मान्य आहे. परंतु ह्या एका बाबतींत त्या थोर पुरुषाची दृष्टि थिटी पडली, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. कमलाबाई बंगलोरास जाऊन त्यांच्यापुढें उभ्या राहिल्या आणि गांधीजींच्या मार्गानें त्यांनीं आपला हट्ट धरला. शेवटीं प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष परीक्षेचें. त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नाहींत. मार्गदर्शक सांगतील तेव्हां, वेळ पडल्यास रात्रींही काम करावयाचें. आणि तिसरी अट अशी, कीं त्यांच्या उपस्थितीनें संस्थेंतील वातावरण बिघडतां कामा नये! वर्षभरानें त्यांचें काम पाहून रामन् ह्यांचें समाधान झालें आणि पुढें त्या संस्थेचे दरवाजे इतर मुलींसही उघडले. तरी पुष्कळ वर्षांनंतर, ह्याच महिला शास्त्रज्ञ संघटनेनें केलेल्या सत्काराच्या वेळीं, तो अपमान आपण विसरूं शकलों नाहीं, असें कमलाबाईंनीं स्पष्ट सांगितलें. उतारवयांत सर्वांना क्षमा करून टाकण्याची जी रीत आहे, ती त्यांनीं पाळली नाहीं. मला तरी त्यांचें हें करणें योग्य वाटतें.

पुढचा प्रवास थोडक्यांत सांगतां येईल. केंब्रिजला जाऊन त्यांनीं वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेसंबंधीं संशोधन केलें. बटाट्यापासून आरंभ करून ‘सायटोक्रोम सी’ हें द्रव्य वनस्पतींतही असतें, असें त्यांनीं दाखविलें, आणि १९३९ सालीं अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच. डी. मिळविली. त्याच वर्षीं त्या स्वदेशीं परतल्या. दिल्लीचें लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषणविषयक प्रयोगशाळा, अशा नोकऱ्या झाल्या. १९४७ सालीं विमागणिती श्री. सोहोनी ह्यांच्याशीं विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि सरकारच्या विज्ञानसंस्थेंत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

येथून पुढचें त्यांचें काम आपल्या माजघराच्या अगदीं जवळचें आहे. पनवेल-उरणकडील मंडळींस वालाची ओळख करून द्यावयास नको. थंडी पडली कीं शेताच्या बांधावर वालाच्या शेंगांची पोपटी लागते. वाल हें गरिबाचें प्रथिन. पण कच्च्या वालांत एक खोडी आहे. आपण खाल्लेलीं प्रथिनें फोडण्यासाठीं आंतड्यांत ट्रिप्सिन नांवाचें पाचक द्रव्य काम करीत असतें. कच्च्या वालांतील एक पदार्थ नेमका ह्या ट्रिप्सिनलाच अडवून धरतो. म्हणजे धान्य पौष्टिक खरें, पण पोटाला त्याचा पुरता लाभ होत नाहीं. कमलाबाईंनीं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं हा अडवणारा पदार्थ वालांतून आणि डबल बीन्समधून शुद्ध स्फटिकांच्या रूपांत वेगळा काढला. १९५५ सालीं विलायतेच्या ‘नेचर’ पत्रांत तें प्रसिद्ध झालें. चांगल्या उष्णतेनें ह्या पदार्थाचा जोर बराचसा नाहींसा होतो. आपल्या आज्या वाल भिजवीत, मोड आणीत, सोलीत आणि मग मऊ शिजवून बिरडें करीत. शिजविण्याच्या त्या शेवटच्या पायरीचें मर्म त्यांना ठाऊक होतें कीं केवळ चवीसाठीं तें चाललें होतें, हा प्रश्न मी त्या आज्यांवरच सोपवितें.

राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून त्यांनीं नीरेचाही अभ्यास केला. माडाचा किंवा ताडाचा हा गोड रस ऊन चढलें कीं आंबूं लागतो आणि त्याची ताडी होते. म्हणून मडक्यास आंतून चुना लावून तो पहाटेच उतरवावा लागतो. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना नीरेचा उपयोग होतो, असें ह्या संशोधनांत आढळलें. त्या कार्याबद्दल राष्ट्रपति-पारितोषिकही मिळालें. आरे येथील दूधयोजनेसही त्यांचा सल्ला होता.

मुलें, घर, संशोधन आणि अध्यापन हा सारा भार वाहत असतांना हक्काचें संचालकपद मात्र त्यांच्या हातीं चार वर्षें उशिरा आलें. १९६९ सालीं त्या निवृत्त झाल्या. नवें शहर वसविण्यासाठीं सिडको त्यानंतरच्या वर्षीं निघाली, आणि वाशीची ती वास्तु तर फारच पुढची.

निवृत्तीनें त्यांच्या हातचें भिंग कांहीं सुटलें नाहीं. ग्राहकांच्या हितासाठीं झटणाऱ्या ‘कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी’च्या कामांत त्या शिरल्या, १९८२-८३ सालीं तिच्या अध्यक्षा झाल्या, आणि ‘कीमत’ मासिकांत गृहिणींसाठीं लेख लिहूं लागल्या. सरकारी प्रयोगशाळेंतील चौकस दृष्टि त्यांनीं बाजाराच्या पिशवीकडे वळविली, असें म्हटलें तरी चालेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती ह्यांच्या कानीं कमलाबाईंचें कार्य गेलें, तेव्हां त्यांनीं सत्कारासाठीं त्यांना दिल्लीस बोलाविलें. कमलाबाई वृद्ध झाल्या होत्या, तरी त्या गेल्या. त्याच समारंभांत त्या कोसळल्या आणि जून १९९८ मध्यें त्यांचें निधन झालें. वडील भगिनी दुर्गाबाई मागें राहिल्या. त्या २००२ सालीं गेल्या.