खेळातला जर्मनी
चेक कंपनी एससीएस सॉफ्टवेअरचा ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ हा व्हिडिओ गेम 2012 साली आला. त्यातला जर्मनी पुढे नव्याने घडवला गेला.

ब्रांडेनबुर्ग दरवाजा दाखवला की देश ओळखू येतो. खरा वाटतो तो साध्या घरांमुळे. उतरती कौलारू छपरं, खिडक्यांवर गुंडाळून वर जाणाऱ्या झडपा, गावाच्या वेशीवर पिवळी पाटी. बर्लिनच्या जुन्या वस्तीत पदपथाच्या मधोमध ग्रॅनाइटच्या मोठ्या फरशा, कडांना बारीक दगड. शेजारी जाहिरातींचा जाड गोल खांब हवाच. एर्न्स्ट लिटफासने असे खांब 1855 मध्ये इथेच उभारले.

पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या शहरांत मात्र काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या इमारती हव्यात, आणि पादचाऱ्यांच्या सिग्नलवर कार्ल पेग्लाउने 1961 मध्ये आखलेला टोपीवाला माणूस.